पाण्याचं दार

“उमरेभाऊ, दोन गुंड भरून घेऊ का जी?”

कौतिकावहिनी रोज खालून हेच विचारायची आणि मी रोज वरच्या लोखंडी माचावरून तेच उत्तर द्यायचो. “भरा न वहिनी. रोजरोज काय विचारता?”

“विचारलेलं बरं राहाते. तुमचा साहेब पाहीन तर म्हणन, बाई कोणाले विचारून आत शिरली.”

“साहेब या उन्हात हापिसाबाहेर पाय ठेवत नाही. भरा तुम्ही.”

मे महिना होता, सत्याऐंशी सालचा. सकाळचे अकरा वाजले होते आणि पत्र्याला हात लावला तर कातडी निघेल असं तापलं होतं. डोक्यावर पाणी भरायचा एक गुंड, काखेत दुसरा आणि हातात नवऱ्याचा डबा, अशी ती कुंपणातल्या फटीतून कोळशाच्या ढिगाजवळून आत यायची. तिचा नवरा वासुदेव नन्नावरे. बारा वर्षं आम्ही दोघं त्या गॅसप्लांटवर जोडीनं काम करत होतो. मी वर जाळ सांभाळायचो, तो खालचं सगळं बघायचा. त्या दिवशी तो डांबराच्या कोठीत उतरला होता. ती कोठीच्या तोंडाशी गेली आणि वाकली.

“आली का?” आतून वासुदेवाचा आवाज घुमत आला. “काय आणलं?”

“भाकर आन् कांद्याची चटणी. बाहेर या न, गरम हाय.”

“भाकर काय पळून जाते? दोन पत्रे राहिले. ते खरवडले का येतो.”

“मंग थांबू का मी?”

“उन्हात कायले थांबते? जाय घरी. पोरी एकल्या हायत.”

तिनं डबा भिंतीच्या सावलीत ठेवला. नळाशी गेली, एकामागून एक दोन्ही गुंड भरले आणि नळ घट्ट पिळला. मग नळाखाली बोट धरून पाहिलं, थेंब पडतो का ते. पडत नव्हता. तेव्हा कुठं तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि गुंड उचलले. मी वरून हे सगळं पाहत होतो. मला बरं वाटलं. बाई असावी तर अशी, एवढंच मनात आलं.

तिला तशी सवय मीच लावली होती. आमच्या वस्तीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि पाण्यावरून बायकांच्या झिंज्या उपटल्या जायच्या. आदल्या उन्हाळ्यात एकदा ती नळ ठिबकता ठेवून गेली, तेव्हा मी अंगावर गेलो होतो तिच्या. “वहिनी, भरलं का नळ पिळून बंद करत जा. एक थेंब सांडला नाही पाहिजे. नाहीतर उद्यापासून येऊ नका.” त्या दिवसानंतर ती कधी विसरली नाही. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे सगळा कारखाना जाणून होता, पण मी सांगितलेलं लोक ऐकायचे.

गॅसप्लांट म्हटलं की आता लोकांना स्वयंपाकाची टाकी आठवते. आमचं तसं नव्हतं. आमचा कारखाना चिनीमातीच्या बरण्यांचा. लोणच्याची बरणी असते न, पांढरी आणि वर तपकिरी, ती. भट्टीत सरळ कोळसा जाळला तर बरणीवर काळे डाग पडतात. म्हणून आम्ही कोळशाचा गॅस करायचो. दुमजली लोखंडी ढोल, वरून कोळसा टाकायचा, खालून वाफ आणि थोडीशी हवा सोडायची. हवा थोडीच, म्हणजे कोळसा धड जळत नाही आणि धड विझत नाही, धुमसत राहतो आणि त्याचा गॅस होतो. तो पाइपातून भट्टीला जायचा आणि तिथं निळा जळायचा. त्याच पाइपाची दुसरी फांदी इंजिनाला होती. इंजिन वीज करायचं. त्या विजेवर कारखान्याचे दिवे, पंखे, माती दळायची चक्की. बाहेर सगळा तालुका अंधारात असला तरी आमच्याकडे लख्ख उजेड. त्याचा आम्हाला फार ताठा होता. नातेवाईक आले की आम्ही मुद्दाम दाखवायला न्यायचो.

गॅसला एकच खोड होती. हुंगला की माणूस झोपतो आणि उठत नाही.

इंजिनाला गॅस चोख लागतो, म्हणून वाटेत एक कोठी होती, खोलीएवढी. आत चार लोखंडी पत्रे आडवेतिडवे टांगलेले. गॅस त्यांच्यावर आपटायचा आणि त्यातलं डांबर पत्र्यांना चिकटायचं. दोन महिन्यांनी माणसानं आत शिरून ते खरवडायचं. तेवढा वेळ इंजिन बंद. भट्टी मात्र बंद करता यायची नाही, जाळ उतरला तर आतल्या सगळ्या बरण्या तडकतात. म्हणजे भट्टीकडचा गॅस चालू आणि इंजिनाकडचा बंद, असं करावं लागायचं. त्याला चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, बसवून उपयोग नव्हता. डांबरानं चावी कधी घट्ट बसायचीच नाही. म्हणून त्या फांदीला पाण्याचं दार होतं.

पाइप जमिनीकडं वाकवून परत वर नेला होता. त्या वाकात पाणी भरलं की गॅसला पलीकडं जाता येत नाही. वर एक नळ, नळाखाली उघडं नरसाळं आणि नरसाळ्यातून पाणी वाकात. पण वाकाच्या बुडाची तोटी डांबरानं कायम झिरपत असायची, त्यामुळं नळ सारखा चालू ठेवावा लागे. नरसाळं भरून काठावरून पाणी सांडत असलं म्हणजे दार बंद आहे. सांडणं थांबलं म्हणजे दार उघडायला लागलं. एरवीच्या दिवशी वाक कोरडा, नळ बंद आणि त्या नळावर कौतिकावहिनीचे दोन गुंड. सफाईच्या दिवशी नळ चालू आणि त्याला कोणी हात लावायचा नाही.

त्या सकाळी मी सगळ्यांना बजावलं होतं. वासुदेवाला, कोळसा वाहणाऱ्या बायांना आणि भाऊरावला. भाऊराव म्हणजे कौतिकावहिनीचा धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा होता, वासुदेवानंच त्याला कामाला लावलं होतं. “आज नळाला कोणी बोट लावलं तर बोट तोडीन,” असं मी म्हणालो होतो. कौतिकावहिनीला मात्र सांगितलं नाही, कारण ती कारखान्याची नव्हती. ती आल्यावर तरी सांगायला हवं होतं. बरं, सांगायचं राहिलं, तर तिनं नळ पिळला तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी डोळ्यांनी पाहिलं. पण मला सांडतं पाणी वाचवणारी बाई दिसली आणि बरं वाटलं. आमच्याकडच्या माणसाला दुसरं काय दिसणार?

कोठीत उतरायच्या आधी आमची एक रीत होती. टोपलीत कोंबडीचं पिल्लू घालून ते दोरीनं आत सोडायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. पिल्लू किलबिलत बाहेर आलं की माणूस आत. त्या सकाळी पिल्लू ठणठणीत बाहेर आलं. वासुदेव त्याला म्हणाला, “इथं वाचला बेटा, पण संध्याकाळी चुलीवर वाचत नाही.” मग कमरेत वाकून आत शिरला. दोरी बांध म्हणालो तर म्हणाला, “दोन पत्र्यांमधून वळाचं हाय दामोदर, दोरी अडकते. तू आपला जाळ पाह्य.”

आत गेल्यावर तो मधूनमधून पत्र्यावर तीन ठोके द्यायचा. बाहेर बसलेला माणूस हातोडीनं तीन ठोके परत द्यायचा. बोलण्यापेक्षा ते बरं, आत बोललं तर तोंडात डांबर जातं. बाहेर भाऊराव बसला होता, नळाकडं पाठ करून.

पावणेबाराला मी वर जाळात सळई खुपसत होतो. खालून ठोके ऐकू आले. तीन. मग परत तीन. मग परत. सगळे हातोडीचे, बाहेरचे.

“भाऊजी, नाटकं नका करू,” भाऊराव म्हणाला. त्याचंही चुकलं नाही. वासुदेव भारी नकल्या होता. मागं एकदा उत्तर न देता पडून राहिला होता आणि भाऊरावनं डोकं आत घातल्यावर त्याच्या तोंडाला डांबर फासलं होतं. म्हणून भाऊराव हसतच होता. मग त्यानं परत हाक मारली आणि त्या हाकेत हसू नव्हतं.

“उमरेभाऊ, खाली या हो. भाऊजी बोलत नाही.”

मी शिडीवरून उतरलो की पडलो ते आठवत नाही. उतरताना नरसाळ्याकडं नजर गेली. ते कोरडं होतं. सकाळपासून पाणी सांडून खाली चिखल झाला होता, तोही वरून सुकायला लागला होता. मी तिकडं धावलो. नळ पूर्ण उघडला, खालची वाफ बंद करायला ओरडलो. पण तिला जाऊन पाऊण तास झाला होता. वाक कधीच रिकामा झाला होता आणि गॅस कोठीत भरला होता. डांबराच्या कोठीत डांबराचाच वास, त्यात गॅसचा वेगळा वास कसा कळणार?

कोठीचं तोंड कमरेएवढ्या उंचीवर, माणसाचे खांदे जेमतेम जातील एवढं. मी बॅटरी मारली. दुसऱ्या पत्र्याच्या पलीकडं वासुदेवाचे बूट दिसले, तळवे आमच्याकडं.

भाऊरावनं एक पाय आत टाकला होता. मी त्याची कॉलर धरून मागं खेचला.

“सोडा मले. दोन पावलांवर हायत ते.”

“दोन पावलं जाशील, येशील कसा?”

“श्वास धरून जातो.”

“माणूस ओढायचा आहे भाऊराव. श्वास धरून माणूस ओढता येत नाही.”

त्यानं मला ढकललं. तेव्हा मी वळलो आणि त्या तोंडात बसलो. पाठ आत, पाय बाहेर, दोन्ही हातांनी कडा धरल्या. दुसरं काही सुचलं नाही. या कामाला लागायच्या आधी मी दुसरीकडे एका प्लांटवर होतो. तिथं एक माणूस आत पडला, त्याला काढायला दुसरा गेला, त्या दोघांना काढायला तिसरा. तिघांनाही एकाच चितेवर ठेवलं होतं. ते मी पाहिलं होतं, भाऊरावनं पाहिलं नव्हतं.

त्यानं मला मारलं. छातीवर, तोंडावर, कानावर. डाव्या कानानं मला तेव्हापासून कमी ऐकू येतं. मी मारू दिलं, पण हात सोडले नाहीत. “वासुदेवा,” मी मागं न वळता हाका मारत होतो, “ऐकू येते का बे? सरपटत ये. इकडं उजेडाकडं ये.” पाठीमागून काही हललं नाही.

हापिसातून आमचा टेंभेकरसाहेब धावत आला. कारखान्यात एक मुखवटा होता, पाठीवर हवेची टाकी असलेला. साहेबानं स्वतः कुलूप काढून पेटी आणली. टाकीचा काटा शून्यावर होता. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह झाला, तेव्हा साहेबानं तोच मुखवटा घालून फोटो काढून घेतले होते, चांगला अर्धा तास. टाकी भरायला नागपूरला पाठवायची होती, ती गेली नव्हती. साहेब काटा पाहत राहिला आणि म्हणाला, “माझ्याकडं बघू नका रे असे.”

कोणीतरी मोठा पंखा ओढत आणला. पण इंजिन बंद, म्हणजे आमची वीज नाही. आणि बाहेरची वीज त्या वेळी नव्हती. ज्या विजेचा आम्हाला एवढा ताठा, ती त्या घटकेला एक पंखा फिरवायलाही नव्हती. पोरं पोत्यांनी वारा घालायला लागली. लोहाराचा हातभाता आणला, त्याची नळी माझ्या काखेतून आत घातली आणि एक माणूस दांडा फिरवत बसला. खोलीभर गॅस आणि त्यात फुंकर घातल्यासारखी हवा. साहेबानं जीप कोळशाच्या खाणीकडं पिटाळली, तिथल्या बचाव पथकाकडं चांगले मुखवटे होते. खाण सतरा किलोमीटरवर.

मग मला सळईची आठवण झाली. जाळ ढोसायची लांब सळई, बारा फुटांची. लोहारानं तिचं टोक वाकवून आकडा केला. मी बाजूला न होता अंग तिरकं केलं आणि भाऊरावनं माझ्या खांद्यावरून सळई आत घातली. पहिला पत्रा चुकवला. दुसऱ्या पत्र्याच्या फटीतून आकडा बुटात अडकला. “अडकला,” भाऊराव म्हणाला. “ओढ,” मी म्हणालो. त्यानं ओढलं आणि सळई भसकन बाहेर आली. आकड्याला बूट लटकत होता. नुसता बूट.

भाऊराव तो बूट छातीशी धरून खाली बसला. मी मात्र हात सोडले नाहीत. मला त्याचा भरवसा नव्हता.

भोंगा वाजला तशी वस्ती धावत आली. कौतिकावहिनी सगळ्यांच्या पुढं होती. अनवाणी. तिला कोणी सांगायची गरज पडली नाही, कोठीत कोण आहे हे तिला ठाऊकच होतं. डबा अजून भिंतीच्या सावलीत होता. तिचा डावा खांदा आणि अर्धा पदर ओला होता. गुंडातलं पाणी सांडलेलं. मला तिच्या तोंडाकडं पाहवेना, म्हणून मी त्या ओल्या खांद्याकडं पाहत राहिलो.

“भाऊ, उठा न तिथून.”

“नाही वहिनी.”

“माहा भाऊ जाते म्हणते, त्याले जाऊ द्या.”

“तो गेला तर परत येणार नाही. खाणीची माणसं येत आहेत, त्यांच्याकडं मुखवटे आहेत.”

“कवा येतीन?”

मी कडा आणखी घट्ट धरल्या.

“मंग मी जाते. माहा माणूस हाय, मी जाते. तुम्ही उठा फक्त.”

“नाही.”

ती खाली बसली आणि तिनं माझे पाय धरले. डोकं पायावर ठेवलं. तिच्या कपाळाला डांबर लागलं. मला तिला उठवता आलं नाही, कारण तिला उठवायला हात सोडावे लागले असते आणि हात सोडले असते तर भाऊराव आत गेला असता. माझा बारा वर्षांचा जोडीदार माझ्या पाठीमागं दोन पावलांवर, त्याची बायको माझ्या पायाशी आणि मी मधे दगडासारखा बसलेलो. माझ्या डोक्यात घण पडत होते, गॅस मलाही थोडा लागत होता. मनात एकच येत होतं, की मलाच भोवळ येऊ दे म्हणजे यातून सुटतो.

“उठ रे,” ती म्हणाली. तेव्हा तिनं मला पहिल्यांदा अरेतुरे केलं. “उठ रे मेल्या. तुहा सख्खा भाऊ आत असता तर बसला असता का?”

खाणीचं पथक दीड वाजता आलं. मला तिथून दोघांनी धरून उठवलं, बोटं कडांना चिकटून आखडली होती. मुखवटे घातलेली दोन माणसं आत गेली आणि चार मिनिटांत वासुदेवाला घेऊन बाहेर आली. फक्त चार मिनिटं लागली.

वासुदेव रंगानं चांगलाच काळा होता. त्या दिवशी त्याचे ओठ लाल दिसत होते आणि नखं गुलाबी. तो गॅस माणसाला जाताना असा रंग देऊन जातो. कौतिकावहिनीनं त्याचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना नखं दाखवायला लागली. “पाहा न, नखाले रक्त हाय. जिवंत हायत. कोणी पाणी आणा.” पथकासोबत आलेला खाणीतला डॉक्टर मान खाली घालून उभा होता. तिला खरं सांगायला कोणी पुढं होईना. शेवटी भाऊरावनं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सरकारी साहेब चौकशीला आला. हापिसात एकेकाला बोलावलं. त्याच्या आधी टेंभेकरसाहेबानं मला बाजूला घेतलं होतं. “उमरे, बाहेरचं कोणी आत आलं होतं का? आठवून बघा. वस्तीतल्या बाया पाण्याला येतात असं ऐकतो. तसं असेल तर आपण सगळेच सुटतो.” आपण सगळेच, असं म्हणाला तो.

सरकारी साहेबानं विचारलं, “सफाईच्या दिवशी नळ चालू ठेवायचा हे तुम्हाला माहीत होतं?”

“बारा वर्षं माहीत आहे.”

“मग तो कोणी बंद केला?”

खिडकीबाहेर लिंबाखाली कौतिकावहिनी बसली होती. दोन पोरी तिच्या मांडीला टेकून. मोठी नऊ वर्षांची, धाकटी पाच. तिनं आपल्या हातानं नळ पिळला, बोट धरून थेंब पडत नाही ना हे पाहिलं, आणि त्यातून तिचा नवरा गेला. हे जर तिला कळलं, तर ती दोन पोरींना घेऊन विहीर गाठेल, असं मला तेव्हा वाटलं. आणि ती सवय तिला कोणी लावली? नळ पिळताना वरून पाहत कोण उभं होतं? मी काही फार मोठं खोटं बोललो नाही.

“मी बंद केला,” मी म्हणालो.

“का?”

“पाणी वाया जात होतं.”

साहेबानं पेन थांबवलं, माझ्याकडं पाहिलं आणि मग लिहिलं. महिन्याभरात माझी नोकरी गेली. खटला झाला, त्यातून कसाबसा सुटलो. पुढं चंद्रपुरात एका गिरणीत लागलो आणि तिथंच म्हातारा झालो.

चौकशी संपली त्या दिवशी मी बाहेर पडलो, तेव्हा बातमी माझ्या आधीच लिंबाखाली पोहोचली होती. कौतिकावहिनी उठून समोर आली. ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, “तूच नळ बंद केला. आन् तूच दार अडवून बसला.” एवढं बोलून ती पोरींना घेऊन निघून गेली. तिच्या जागी मी असतो तर मीही दुसरं काही म्हणालो नसतो.

त्यानंतर एकतीस वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. भाऊराव मात्र वर्षातून एकदा यायचा. खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा. मारल्याबद्दल तो कधी काही म्हणाला नाही. माझ्या डाव्या बाजूला बसायचा नाही, एवढंच.

गेल्या वैशाखात दारात कौतिकावहिनी उभी. केस सगळे पांढरे, कमरेत वाकलेली. हातात लग्नपत्रिका. माझी बायको लेकीकडं नागपूरला गेली होती, घरात मी एकटाच. मी चहा केला. ओतताना बशीत चहा सांडला.

“मोठीच्या पोरीचं लग्न हाय,” ती म्हणाली. “भाऊराव म्हणे, उमरेभाऊची पत्रिका तूच नेऊन दे.”

“बरं झालं आलात वहिनी.”

“भाऊरावले सहा नातवंडं झाले. त्या दिवशी तुम्ही उठले असते तर त्यातलं एकही नसतं. हे मले समजाले लई वर्षं लागले.” तिनं कप खाली ठेवला. “आन् त्या नळाचं, तेही मी सोडून देलं भाऊ. माणूस हाय, होते हातून. म्हातारपणी कुठी मनात ठेवाचं? माफ केलं, असंच म्हणा.”

 मी नुसती मान हलवली.

मोरीत नळ चालू होता. आमच्याकडं आता सकाळी दोन तास नळ येतो आणि तेवढा वेळ मी तो उघडाच ठेवतो. बादली भरून सांडत राहते. बायकोनं आयुष्यभर डोकं आपटलं, पण वाहत्या नळाला हात लावायला माझा हात उठत नाही. कौतिकावहिनीनं तो आवाज ऐकला.

“पाणी सांडून राहिलं न भाऊ,” म्हणत ती गुडघ्यावर हात देऊन उठली. मी नको म्हणेपर्यंत मोरीत गेली, नळ घट्ट पिळला आणि नळाखाली बोट धरलं, थेंब पडतो का पाहायला. मग हसली. “तुमचीच शिकवण हाय. एक थेंब सांडला नाही पाह्यजे, म्हणे. अंगावर धावले होते माह्या. तवापासून आजवर एकदा नळ उघडा ठेवला नाही मी. एकदाही...”

 बोट नळाखालीच राहिलं.

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत ती तशीच उभी होती, माझ्याकडं पाठ करून.

“भाऊ,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी पाणी भरलं होतं.”

“हो. पण तुम्ही नळ चालूच ठेवून गेला होता.” मी फार घाईनं बोललो, ते मलाही कळलं. “तुम्ही गेल्यावर मी खाली उतरलो आणि बंद केला.”

“मी चालू ठेवला होता?”

“हो.”

“तुमचं आयकून वर्ष झालं होतं तवा. तरी चालू ठेवला?”

“त्या दिवशी ठेवला होता, वहिनी. विसरला असाल. मी सांगतो न, मी बंद केला. साहेबापुढं लिहून दिलं आहे.”

ती वळली. माझ्याकडं पाहत राहिली. मला वाटलं आता खाली बसेल, आता काहीतरी म्हणेल. मी मोरीच्या दारात उभा होतो. त्या कोठीच्या तोंडात बसलो होतो तसाच.

“बरं,” ती म्हणाली. बाहेर येऊन कप उचलला. “हा कप विसळून ठेवते.”

“राहू द्या हो.”

पण ती मोरीत गेली. थोड्या वेळानं पदराला हात पुसत बाहेर आली, चपला घातल्या. “लग्नाले याच,” म्हणाली आणि भिंतीला धरून पायऱ्या उतरली. मी फाटकापर्यंत गेलो. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

आत आलो तर मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. कप विसळून पालथा घातलेला होता आणि नळ तिनं पुरता उघडून ठेवला होता. बादलीच्या काठावरून पाणी सांडत होतं. पाणी जाईपर्यंत मी तिथंच उभा होतो.